पेटीच्या झाकणावरचं नाव

त्या माणसाचा मला पहिल्याच दिवशी राग आला आणि पुढचे पाच महिने तो कमी झाला नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण कुणी विचारलं की "चाचा म्हणजे देवमाणूस" असं काहीतरी ऐकायची लोकांची तयारी असते, आणि तसं मी म्हणणार नाही. चाचा हट्टी होता, फटकळ होता आणि समोरच्याला मूर्ख समजून बोलायची त्याला सवय होती. मीही काही गोडबोली नाही. अशा दोघांनी भागीदारी करूच नये. पण हाताने पत्र्याची पेटी करणारा, आणि ती वर्षानुवर्षं टिकेल अशी करणारा, लातुरात गोलाईच्या बाजारामागच्या गल्ल्यांत तेवढा एकच उरला होता. बाकीचे कधीच कूलर आणि धान्याच्या कोठ्यांकडे वळले होते.

पेट्याच का, ते सांगते. सहा वर्षं मी मुलींच्या एका खासगी वसतिगृहात रेक्टर होते. दहावीचा निकाल लागला की लातुरात माणूस मावत नाही. किनवटपासून निलंग्यापर्यंत, जिकडून तिकडून आईबाप येतात. सोबत पोरगी, गादी, बादली आणि पेटी. पोरगी डॉक्टर होणार असते. सगळं शहर त्या पोरींवर जगतं आणि सगळं शहर त्यांच्यावर खेकसतं. मीही खेकसले आहे. ट्रॉलीबॅगेची चाकं महिन्यात निखळतात, चेन उसवते, उंदीर कोपरे कुरतडतात. पेटीला काही होत नाही. ती खाटेखाली सरकते, तिच्यावर वही ठेवून अभ्यास होतो आणि तिला कुलूप लागतं. सहा जणींच्या खोलीत स्वतःचं कुलूप लावता येईल अशी तेवढी एकच जागा असते.

आमच्या मालकीणबाई जूनमध्ये फाटकाशी खुर्ची टाकून बसायच्या. पेट्या उतरल्या की झाकणावर रंगवलेलं नाव वाचायच्या. आडनाव, मग गाव. मग मला हळूच सांगायच्या, ही वरच्या मजल्यावर, ही मागच्या खोलीत, ही हिच्याबरोबर नको. पाच वर्षं मी ते निमूट ऐकलं. त्याची मला अजून लाज वाटते. सहाव्या वर्षी एका पोरीने विचारलं, "मॅडम, मागच्या खोलीत सगळ्या आमच्याकडच्याच कशा?" तिला मी उत्तर दिलं नाही. मालकीणबाईंना दिलं, फाटकापाशीच, चार पालकांसमोर. संध्याकाळी माझं सामान रस्त्यावर होतं.

नवऱ्याचं घर मी त्याच्या आधीच सोडलेलं. माहेर म्हणजे नांदेडला भाऊ. तो म्हणाला, "ताई, पुढच्या जूनपर्यंत बघ. नाही जमलं तर मी गाडी घेऊन येतो." वहिनीने मागची खोली रिकामी करून खिडकीला पडदाही लावला. दोघंही प्रेमाने बोलत होते, म्हणून तर जास्त संताप. त्या खोलीत एकदा शिरले की मी जन्मभराची आश्रित बहीण, दुसऱ्यांच्या लग्नकार्यात पोळ्या लाटणारी. मला लातुरात माझ्या कमाईवर माझी एक खोली ठेवायची होती. एवढंच पणाला लागलेलं होतं आणि मला ते पुष्कळ होतं.

म्हणून मी चाचाकडे गेले. पेट्या त्याने करायच्या; मी एका मोठ्या वेबसाइटवर दुकान मांडायचं, फोटो टाकायचे, ऑर्डरी घ्यायच्या, पॅक करून पाठवायच्या. स्टॅम्पपेपरवर सह्याही झाल्या. मी मोबाइलवर पेटीचा फोटो दाखवला तर त्याने तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला.

"ह्यात पेटी दिसून राहिली. पत्रा कुटं दिसून राहिला?"

"पत्र्याची जाडी लिहिलीय खाली."

"म्हंजे गिऱ्हाईक हात लावनार न्हाई, ठोकून बघनार न्हाई, तरी घेनार?"

"घेणार."

"मंग ते गिऱ्हाईक येडं हाय," चाचा म्हणाला आणि पुन्हा पत्रा ठोकायला लागला. आमच्या भागीदारीची सुरुवात अशी झाली.

पहिली ऑर्डर सोलापूरकडच्या एका वडिलांची होती. पार्सलवर चिकटवायची पत्त्याची चिठ्ठी मी चाचाकडे देऊन ठेवली. दुसऱ्या दिवशी गेले तर पेटी तयार. निळी, चकचकीत, कड्या अशा घट्ट की बघत राहावं. आणि झाकणावर पांढऱ्या रंगात त्या वडिलांचं पूर्ण नाव, खाली गाव, तालुका, दोन बाजूंना दोन फुलं. मी कपाळाला हात लावला.

"चाचा, हे काय?"

"नाव."

"कुणी सांगितलं टाकायला?"

"चिठ्ठी तुमीच दिली की."

"ती पत्त्याची होती! फोटोत कोरी पेटी आहे. त्यांनी कोरी मागवलीय."

"कोरी पेटी आपल्या दुकानातून जात न्हाई," तो म्हणाला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

वेळ नव्हता म्हणून ती तशीच पाठवली. आठवड्याने परत आली. खाली त्या वडिलांनी अभिप्राय लिहिला होता, "पेटी मजबूत आहे. पण हॉस्टेलला मी जाणार नाही, मुलगी जाणार आहे." आणि एकच तारा. मी चाचाला वाचून दाखवलं. त्याने मुलीचं नाव विचारून घ्यायला सांगितलं. मी म्हटलं, असं विचारता येत नाही, त्या वेबसाइटवर गिऱ्हाइकाशी परस्पर बोलायला बंदी आहे. तो म्हणाला, ज्या दुकानात गिऱ्हाइकाशी बोलता येत नाही ते दुकान कसलं. आणि मला न विचारता पुढच्या पेट्यांवरही चिठ्ठीवरचं नाव टाकत गेला. कुणाच्या मामाचं, कुणाच्या शेजाऱ्याचं. ज्याने मोबाइलवरून ऑर्डर दिली त्याचं.

मे उजाडेपर्यंत आठ पेट्या परत आल्या. नाव घातलेली पेटी दुसऱ्याला विकता येत नाही, म्हणून त्या माझ्या खोलीत रचल्या. बार्शीच्या कुणा गृहस्थावर बसून मी जेवायचे आणि परळीच्या कुणावर तरी माझे कपडे घडी करून ठेवलेले असायचे. तेवढ्यात वेबसाइटकडून इशारा आला: परतीचं प्रमाण असंच राहिलं तर दुकान बंद करू. जूनच्या तोंडावर. मी तशीच तणतणत चाचाकडे गेले.

त्या दिवशी मी त्याला वसतिगृहाचं सगळं सांगितलं. झाकण वाचून पोरींना खोल्या कशा मिळतात, कुणाच्या शेजारी कुणाला झोपू देत नाहीत. "नाव टाकून तुम्ही पोरींचं वाटोळं करताय," मी म्हटलं. "आणि हे तुम्हाला वेगळं सांगायला पाहिजे का?" हे म्हणताना मी त्याच्या डोक्यावरच्या टोपीकडे बघितलं. मुद्दाम बघितलं.

चाचाने हातोडी खाली ठेवली. "तुमी भूकंपात किती वर्साच्या व्हता?"

"शाळेत होते."

मग त्याने सांगितलं. भूकंप झाला तेव्हा तो विशीतला. शेडसाठी पत्रे घेऊन तो आणि त्याचे वडील किल्लारीकडे गेले होते. ढिगाऱ्यातून निघालेल्या पेट्या एका तंबूसमोर ओळीने मांडलेल्या होत्या. ज्यांच्यावर नाव होतं त्या, त्या घरातलं जे कुणी उरलं होतं त्यांच्या हवाली होत होत्या. बिननावाच्या एका पेटीवर एक म्हातारी बसून होती. माझी आहे म्हणत होती. एक माणूस म्हणत होता, माझी आहे. आत काय आहे ते दोघंही सांगत होते आणि दोघांचंही थोडंथोडं बरोबर येत होतं. सगळ्यांच्या पेटीत असतं तेच की. चाचाच्या वडिलांनी ती पेटी बघताच ओळखली. त्यांच्याच हातची होती. पेट्या वाटणाऱ्या साहेबाने विचारलं, कुणाला विकली होती? त्यांना आठवेना.

"आपलीच ठोकलेली रिबटं वळखली, मॅडम. मानूस न्हाई वळखला. पेटी त्या मानसाला दिली सायबानं. म्हातारी तितंच बसून राहिली." चाचाने हातोडी पुन्हा उचलली. "तवापासनं."

कुणीही चांगला माणूस इथे गप्प बसला असता. मी नाही बसले. आमच्या जिल्ह्यात प्रत्येकाकडे भूकंपाची एक गोष्ट आहे आणि अडचण आली की जो तो ती रेशनकार्डासारखी काढून दाखवतो, असं मला तेव्हा वाटायचं. मी म्हटलं, "चाचा, तुम्ही पेट्या मेलेल्यांसाठी करताय का जगणाऱ्या पोरींसाठी?"

तो उठून आत गेला. दोन दिवस मला एकही पेटी मिळाली नाही.

तिसऱ्या दिवशी मी खोटं बोलले. सांगितलं की नाव टाकूच, पण माझ्या खोलीवर; एक पेंटरबाई ठरवलीय, ती गिऱ्हाइकाला विचारून बरोबर मुलीचं नाव घालेल. चाचाने पांढऱ्या रंगाचा डबा दिला आणि झाकण घट्ट लावत जा म्हणून बजावलं. डबा मी खोलीच्या कोपऱ्यात सरकवला आणि पेट्या कोऱ्याच पाठवल्या. तारे वाढले. लोक लिहायला लागले, "एकदम फोटोसारखी." जूनचा पहिला आठवडा तर असा गेला की मला जेवायला सवड नव्हती. खोटं बोलल्याची टोचणी वगैरे काही लागली नाही, उगाच कशाला सांगू. मी भावाला फोन करून म्हटलं, वहिनीला म्हणावं पडदा काढून टाक.

मग एक पेटी वाटेत चेपली म्हणून परत आली. परतीचा पत्ता चाचाच्या दुकानाचा होता. मी नेमकी कुरिअरवाल्याकडे गेलेली. चाचाने खोका फोडला आणि कोरं झाकण बघितलं.

तो दुपारी माझ्या खोलीवर आला. पाच महिन्यांत पहिल्यांदा. दारातूनच आत बघितलं. रंगाचा डबा होता तसा, न उघडलेला. "उद्यापासनं न्हाई," तो म्हणाला.

माझ्याकडे चाळीस पेट्यांच्या ऑर्डरी होत्या आणि हातात पाच दिवस. मी स्टॅम्पपेपर काढून त्याच्या तोंडासमोर नाचवला.

"कोर्टात जावा," चाचा म्हणाला. "तारीख पडंस्तवर जून जाईल."

मी इतकी ओरडले की घरमालकीण जिन्यात येऊन उभी राहिली. चाचा मात्र शांतपणे पायऱ्या उतरून गेला. त्या शांतपणाने माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पण चाळीस पेट्या काही आभाळातून पडणार नव्हत्या. सकाळी मी दुकानात जाऊन उभी राहिले. माफी मागितली नाही. म्हटलं, "प्रत्येकाला फोन करते. ते सांगतील ते नाव घाला."

"माज्यासमोर करा. तुमच्यावर भरोसा न्हाई."

परस्पर फोन केला तर दुकान बंद होऊ शकतं, हे मला माहीत होतं. पेट्या गेल्या नाहीत तर बंद होणारच, हेही माहीत होतं. मी पालथ्या डब्यावर बसले, फोनचा स्पीकर लावला आणि पत्त्याच्या चिठ्ठीवरचा पहिला नंबर फिरवला. चाचा समोर ब्रश घेऊन बसला. एका आईने मुलीच्या नावाआधी आत्ताच 'डॉ.' लावायला सांगितलं. चाचा फोनवर वाकून म्हणाला, "पास होऊ द्या, मंग पेटी घिऊन या, म्या सोता लिवतो." एका बापाला नावाखाली स्वतःचा मोबाइल नंबर हवा होता. एका घरात नवरा-बायकोचं फोनवरच भांडण लागलं, मुलीचं कागदावरचं नाव घालायचं की घरातलं. मला हसू येत होतं आणि चाचासमोर हसायचं नव्हतं.

मग किनवटकडचा एक फोन लागला. नाव-गाव काय घालायचं म्हटल्यावर तिकडच्या वडिलांनी आवाज खाली आणला.

"मॅडम, आडनाव नका टाकू. गावबी नको."

कारण मला माहीत होतं. तरी विचारलं, चाचाला ऐकू जावं म्हणून.

"पोरगी आश्रमशाळेतून आली. पयल्यांदाच शहरात जाऊन राहिली. तिला आधी आभ्यास करू द्या, मंग लोकाईले समजंल कोन हाय ते."

मी चाचाकडे बघितलं. ऐकलंत ना, अशा नजरेने. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. चाचाने फोन माझ्या हातातून घेतला. "पोरीचं नाव सांगा निस्तं," तो म्हणाला. वडिलांनी सांगितलं. चाचाने झाकणाच्या मधोमध मोठ्या अक्षरांत तेवढंच लिहिलं. पुढे बापाचं नाव नाही, आडनाव नाही, गाव नाही. मुलीचं असं एकटं नाव त्याने आयुष्यात लिहिलं नसावं. त्याने ब्रश डब्याच्या काठावर पुसला.

"हे आधी सांगायचं व्हतं," तो म्हणाला.

"सांगितलं होतं. तुम्ही ऐकलं नाही."

"तुमी सांगितलं न्हाई. तुमी टोपीकडं बघितलं."

मी पुढचा नंबर लावला.

चाळीसच्या चाळीस पेट्या गेल्या, दोन दिवस उशिरा. कुणीतरी तक्रार केली की विक्रेतीने घरी फोन केला. उशीर आणि फोन, दोन्ही मिळून वेबसाइटने दुकान बंद केलं. फार सभ्य भाषेत कळवलं. ते पत्र मी तीनदा वाचलं आणि चाचाच्या दुकानात जाऊन त्याच्यावर आदळलं.

"तुमच्या नावांच्या नादात माझं दुकान गेलं!"

"पेट्या तर पोचल्या."

"तुमचं काय जातंय? तुम्हाला गल्लीत गिऱ्हाईक आहे. मला नांदेडला जावं लागणार."

"मंग जावा," तो म्हणाला. हातात काही असतं तर मी फेकून मारलं असतं.

भावाचा फोन आला, गाडी आणू का. मी म्हटलं, नको, बसने येते. महिनाअखेरपर्यंत खोली माझीच होती, पण रिकाम्या खोलीत बसून काय करायचं होतं? कपडे, भांडी, पुस्तकं परत आलेल्या पेट्यांपैकी एकीत भरली आणि रिक्षात टाकली. चाचाच्या दुकानाची एक किल्ली माझ्याकडे होती, ती द्यायला वाटेत थांबले. किल्ली त्याच्यासमोर ठेवून वळणार, तर तो उठून रिक्षापाशी आला आणि झाकण वाचायला लागला.

"बार्शीवाल्याची पेटी घिऊन चालला व्हय?"

"माझ्या कपड्यांना काही फरक पडत नाही."

"मला पडतो."

मी नको नको म्हणत असताना त्याने रिक्षावाल्याला हाताशी घेऊन पेटी खाली उतरवली, उन्हात ठेवली आणि त्या गृहस्थांच्या नावावर निळा रंग फिरवला. रिक्षावाला कुरकुरला तर त्याला चहा मागवून गप्प केलं. माझी बस जाणार होती. रंग वाळायला तासभर लागणार होता. मी पालथ्या डब्यावर बसले.

मध्येच चाचा म्हणाला, "सकाळी लोह्याकडनं दोन बाया आल्त्या. फोनवाली बाई कुटं हाय म्हनत व्हत्या. त्यांच्या गल्लीतल्या पोरीला आपली पेटी गेली. त्यांला दोन पायजेत. एक पुऱ्या नावाची, एक आडनाव न टाकता."

"मग द्या की."

"कुनाला काय इचारायचं अन् काय न्हाई, ते मला जमत न्हाई. सोमवारी बोलावलं त्यांला. तुमी नसाल तर जातील वापस." हे त्याने इतकं चिडून सांगितलं की जणू मीच त्या बायांना हाकललं होतं. राहा, असं तो म्हणाला नाही.

त्याने झाकणावर बोट टेकवून बघितलं. रंग वाळला होता. पांढरा डबा उघडून तो ब्रश घेऊन बसला.

"नाव?"

मी माझं नाव सांगितलं. पुढे थांबले, कारण माझी आडनावं दोन होती, एक सोडलेलं आणि एक भावाचं. चाचाने पुढचं विचारलं नाही. माझं एकटं नाव मधोमध मोठं लिहिलं आणि ब्रश खालच्या ओळीवर आणला.

"गाव?"

जन्मले कुठे, नांदले कुठे, चालले कुठे, यातलं कोणतं सांगायचं? रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला.

"लवकर सांगा. ब्रश वाळून राहिला."

मी काहीतरी पुटपुटले.

"जोरात सांगा. एकदा लिवलं की पुसून देनार न्हाई."

"लातूर!" मी ओरडले. समोरच्या दुकानातली माणसं वळून बघायला लागली.

चाचाने लिहिलं, अक्षर अन् अक्षर, घाई न करता. मग रिक्षावाल्याला हाक मारली.

"उचल. बाईच्या खोलीवर नेऊन ठिव. अन् झाकनाला हात लावू नको, वलं हाय."